जोशीचा वाढदिवस आणि फ्लॉपीची अख्खी इमेज

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'जुन्या फ्लॉपींचे जतन : साहित्य व कृती'. 'साहित्य व कृती' हे मला न विचारता घातलंय. त्यामुळे पहिल्या रांगेत दोघीजणी वही-पेन काढून बसल्यात. खतखत्याची नाही हो सांगणार. पण वही मिटू नका, शेवटी लागेल.

घरात अजून फ्लॉपी आहेत असे किती? हात वर करा. आठ, नऊ... आणि मागे आबा गठ्ठाच घेऊन आलेत. आबा, ते रबर आधी काढा. आतली तबकडी नाजूक असते, ती वाकते.

मी १९९२ साली इथे मालवणात डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सवाचे जमाखर्च. सगळं सव्वापाच इंची फ्लॉपीवर, एकीत ३६० केबी. आज पहाटे तुम्हाला आलेला 'शुभ सकाळ'चा गुलाब तिच्यात मावेल याची खात्री नाही.

माझं म्हणणं थोडकं आहे. फ्लॉपीतल्या फायली कॉपी करू नका, अख्ख्या फ्लॉपीची इमेज घ्या, म्हणजे तबकडीवर जे जे आहे ते सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवा. लोक म्हणतात, एकच ना ते? नाही. का नाही, त्यासाठी जोशीची गोष्ट ऐकावी लागेल.

दुकानात एक मुलगा कामाला होता, आडनाव जोशी. मराठी टायपिंगला त्याचा हात असा की चहा ओतेपर्यंत पत्रिका तयार. ५ जानेवारी १९९३. एका लग्नाचा मजकूर त्या दिवशी छापखान्यात जायचा होता. सकाळी मशीन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ : टाइप 'हॅपी बर्थडे जोशी'. त्यापुढे काही हलेना. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं, परत तेच. नवऱ्यामुलाचे मामा बाकावर बसले होते. ते उठून आले, चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाले, "मेल्या, कंप्युटराक पण वाढदिवस असता काय?"

जोशी आला दहाला. मी तोंडाचा पट्टा सोडला. तो म्हणतो, "सर, माझा वाढदिवस श्रावणात येतो." वर खुर्चीत बसला, पडद्यावर मागितलं होतं ते निमूट टाइप केलं आणि मशीन सुरू! मला अजून कसला पुरावा हवा होता? कुलूप ज्याने घातलं, किल्ली त्याच्याकडेच. त्या दिवसाचा पगार कापला. तीस रुपये. मे महिन्यात जोशी मुंबईला गेला. आमच्याकडची पोरं जातातच मुंबईला, पण हा माझ्यामुळे गेला, असं समोरच्या चहावाल्याचं कायमचं मत. तो चहावाला मला पुढे कित्येक वर्षं चहा देताना जोशीची आठवण काढायचा. चहा गोड, बोलणं कडू.

दुकान बंद केल्यावर माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात त्या वेळच्या फ्लॉपी. इमेज घेतली, पहिला सेक्टर उघडला. सेक्टर म्हणजे तबकडीवरचा एक तुकडा, आणि मशीन सुरू होताना आधी वाचला जातो तो हा पहिला, बूट सेक्टर. आणि मी कपाळावर हात मारला. तो व्हायरस होता! 'जोशी' नावाचाच. १९९० साली भारतात सापडलेला, पुढे जगभर फिरलेला. दर ५ जानेवारीला मशीन अडवायचं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करून घ्यायच्या, एवढाच त्याचा हट्ट. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटलाही दाद देत नसे. बूट सेक्टर ५१२ बाइटचा, त्यात हा पठ्ठ्या मावत नाही. म्हणून फ्लॉपीच्या ४० ट्रॅकपलीकडे, म्हणजे तबकडीवरच्या गोल पट्ट्यांपलीकडे, ० ते ३९ च्या बाहेर, स्वतःपुरता एक जादा ट्रॅक फॉरमॅट करून उरलेलं अंग तिथे ठेवतो. सातबाऱ्यावर नोंद नसलेली पडवी बांधावी तसं.

आता बघा. मी नुसत्या फायली कॉपी केल्या असत्या तर पत्रिका मिळाल्या असत्या आणि जोशी जन्माचा गुन्हेगार राहिला असता. कारण बूट सेक्टर ही फाइल नव्हे. तो जादा ट्रॅक तर डॉसच्या, म्हणजे तेव्हा मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या, हिशेबातच नाही. साधी इमेज घेणारे प्रोग्रामही ३९ वर थांबतात. मी हट्टाने दोन-तीन ट्रॅक पुढे वाचतो, म्हणून सापडला.

जोशीला फोन लावला. डोंबिवलीत असतो, यंदा आजोबा झाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, ते तीस रुपये?"

लोक विचारतात, मग तो व्हायरस पुसला की नाही? मूळ इमेजमधून नाही पुसायचा. वापरायच्या प्रतीतून खुशाल काढा. जुन्या दप्तराला वाळवी लागली तर वाळवी मारतो, पण तिने खाल्लेल्या कागदावर नवा मजकूर लिहून ठेवतो का आपण?

दुसरं कारण, पुसलेल्या फायली. डॉस फाइल पुसतो म्हणजे यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे ई-५ हा आकडा ठेवतो. मजकूर तिथेच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. कॉपीत तो येत नाही, इमेजमध्ये येतो. मला अशी एक पत्रिका सापडली, छापण्याआधीच मोडलेल्या लग्नाची. ती मी कुणाला दाखवलेली नाही. हसू नका, दोन्ही घरची माणसं हॉलमध्ये असतील.

चिठ्ठी आली. साडेसातला दशावताराची तालीम आहे, दहा मिनिटांत आटपा म्हणतात. बरं. वह्या उघडा.

आधी बुरशी. आपल्या पावसाळ्यात कागद सर्द होतो, तशी फ्लॉपीही. वरच्या लांबट खिडकीतून तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. पांढुरके ठिपके किंवा जाळं दिसलं तर ड्राइव्हमध्ये घालू नका. मी घातली होती, नमनाच्या जुन्या गणांची. कर्र असा आवाज आला. बाहेर काढली तर तबकडीवर नखाने ओढल्यासारखी गोल रेघ, आणि ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या टोकाला, तपकिरी भुगा. तो भुगा म्हणजेच गण. लोहाच्या ऑक्साइडचा थर, ज्यावर मजकूर असतो. शिवाय त्या घाणेरड्या हेडने पुढच्या दोन फ्लॉपी खाल्ल्या. तेव्हा सव्वापाच इंचीचं वेष्टण वरच्या कडेने कापायचं, तबकडी सरकवून काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड घेऊन हलक्या हाताने पुसायची, पूर्ण वाळवायची, रिकाम्या स्वच्छ वेष्टणात घालून वाचायची. नळाचं पाणी नको. तोंडाला मास्क हवा. हेड दर फ्लॉपीनंतर साफ.

लिखाण रोखा. सव्वापाच इंचीची बाजूची खाच चिकटपट्टीने झाकायची, साडेतीन इंचीचं भोक मात्र उघडं ठेवायचं. उलटं आहे, गोंधळू नका.

यूएसबीचे साडेतीन इंची ड्राइव्ह मिळतात, ते फक्त सेक्टर देतात. खराब सेक्टर आला की हात वर. त्यापेक्षा जुना ड्राइव्ह मिळवून त्याला ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स अशी सर्किटची पाटी जोडा. ती सेक्टर बघतच नाही. तबकडी फिरताना चुंबकीय दिशा एकदा पालटली की पुन्हा पालटेपर्यंतचा वेळ तेवढा मोजून ठेवते. त्याला फ्लक्स म्हणतात. दोन-चार फेऱ्या नोंदवून घ्यायच्या, अर्थ मागाहून सॉफ्टवेअरने लावायचा. फ्लॉपी एकदाच झिजते, अर्थ शंभरदा लावता येतो. प्रत्येक सेक्टरला सीआरसी, म्हणजे ताळा बघायचा आकडा असतो, तो जुळला नाही तर कळतं कुठे अडलंय. फ्लक्सची फाइल मूळ फ्लॉपीच्या कैकपट मोठी होते. होऊ दे.

आणि मराठी. युनिकोड, म्हणजे आज सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत, तिच्या आधीचा मजकूर उघडलात तर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं, मध्येच पौंडाची खूण. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. तो कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केला ते लेबलवर असेल, म्हणून लेबलचा फोटो काढा. फॉन्टची फ्लॉपी सापडली तर तिची इमेज सगळ्यात आधी. फॉन्ट कळला की युनिकोडमध्ये बदलता येतं. ते एक वेगळं व्याख्यान आहे, तालीमवाले देणार नाहीत.

दाराशी टेबल मांडलंय. फ्लॉपी ठेवून जा, चिठ्ठीवर नाव-गाव लिहा आणि चिठ्ठी वेगळी ठेवा. फ्लॉपीवर बॉलपेनने लिहू नका, आत वळ उठतो. आबा, रबर काढलं का?