फादर, पाद्री, वडील

ख्रिस्ती माणसानं आपल्या धर्मगुरूला ‘फादर’ म्हणावं का? कॅथलिक घरात वाढलेल्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) घरात वाढलेल्याला त्याचं उत्तर लहानपणापासून पाठ असतं: म्हणू नये, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात २३व्या अध्यायातल्या ९व्या वचनात प्रभूनं तशी मनाई केली आहे. कोल्हापुरात ही दोन्ही घरं शेजारी-शेजारी असतात. एकमेकांच्या लग्नाला जातात, मयतीला खांदा देतात, आणि समोर झगा घातलेला माणूस आला की हाक मारताना अडखळतात. म्हणून आधी ते वचन नीट वाचू आणि मग रोजच्या वापराकडे येऊ.

वचनं खरं तर तीन आहेत, ८, ९ आणि १०. आपण मधलं एकच उचलतो आणि तिथंच घोटाळा सुरू होतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ८व्या वचनात ‘गुरुजी’ शब्द आहे, ९व्यात ‘पिता’ आणि १०व्यात ‘स्वामी’. मूळ ग्रीकमध्ये अनुक्रमे रब्बी, पातेर आणि काथिगीतीस. यातला शेवटचा शब्द आजच्या ग्रीक भाषेत प्राध्यापकासाठी वापरतात.

आता क्रियापदं पाहा. ८व्या आणि १०व्या वचनात ‘म्हणवून घेऊ नका’ आहे, ९व्यात ‘म्हणू नका’. हा फरक ग्रीकमध्ये आहे आणि मराठीत तो जसाच्या तसा उतरला आहे, कारण आपल्याकडे ‘म्हणवून घेणं’ हे फार नेमकं क्रियापद आहे. म्हणजे तीनपैकी दोन आज्ञा बिरुद घेणाऱ्याला आहेत, देणाऱ्याला एकच. आपण मात्र दोनशे माणसांची मंडळी बाकांवर बसवून ‘तुम्ही म्हणू नका’ एवढंच शिकवतो. समोर उभ्या असलेल्या एकाला ‘तू म्हणवून घेऊ नकोस’ हे सांगायचं राहून जातं.

या तिन्ही वचनांचा खुंटा ८व्या वचनाच्या शेवटी आहे: तुम्ही सर्व भाऊ-भाऊ आहात. त्याआधीची चार वचनं वाचली की राग कशावर आहे ते कळतं. शास्त्री आणि परूशी, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मपुढारी, जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात, स्वतः बोटही लावत नाहीत. मंत्रपत्रं (शास्त्रवचनं ठेवून अंगावर बांधायच्या डब्या) रुंद करतात, झग्याचे गोंडे वाढवतात. जेवणावळीत पहिली जागा, सभास्थानात पुढचं आसन, बाजारात नमस्कार आणि वर ‘गुरुजी’ ही हाक. हाक या यादीच्या शेवटी येते. आधी पंगत, मग आसन, मग नमस्कार, मग बिरुद.

निव्वळ शब्दावर बंदी असती तर घरातल्या बापालाही बाप म्हणता आलं नसतं. त्याच मत्तयात १५व्या अध्यायात ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा येशू स्वतः उद्धृत करतो. शाळेतल्या गुरुजींनाही वेगळं नाव शोधावं लागलं असतं. ‘डॉक्टर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ शिक्षक. ‘रेव्ह. डॉ.’ अशी पाटी लावून ९व्या वचनावर उपदेश करणाऱ्यानं ८वं वचन ओलांडलं, असं मग म्हणावं लागेल.

यावर कॅथलिक बाजूचं नेहमीचं उत्तर असं की ही अतिशयोक्ती आहे, येशूच्याच ‘डोळा उपटून टाक’ या बोलण्यासारखी. मला ते उत्तर अपुरं वाटतं. डोळा कोणी उपटत नाही, पण नजर आवरायचीच असते. अतिशयोक्ती म्हणून वचन बाजूला ठेवता येत नाही. त्यातून काय सोडायचं आहे ते सांगावंच लागतं.

इथं प्रेषित पौलाकडे जावं लागतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात, ४ः१५ मध्ये तो म्हणतो की ख्रिस्तात तुम्हाला दहा हजार गुरू असले तरी बाप पुष्कळ नाहीत, शुभवर्तमानानं मीच तुम्हाला जन्म दिला. इथला ‘गुरू’ ग्रीकमध्ये पायदागोगोस आहे, म्हणजे मालकाच्या मुलाचा हात धरून त्याला शाळेत पोचवणारा आणि वळण लावणारा घरचा दास. हा नेमलेला असतो, बदलता येतो. बाप बदलता येत नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात तर पौल आधी दूध पाजणाऱ्या आईची उपमा देतो (२ः७) आणि चार वचनांनंतर बापाची (२ः११). आपल्याकडे ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणतात, त्यातून कोणाचा गैरसमज होत नाही, तसंच हे.

पण पौलाला कोणी ‘पिता पौल’ अशी हाक मारल्याचं नव्या करारात कुठंही नाही. हनन्या त्याला ‘शौल भाऊ’ म्हणतो (प्रेषितांची कृत्ये ९ः१७); शौल हे पौलाचंच दुसरं नाव. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तो ‘आपला प्रिय बंधू पौल’ आहे (३ः१५). नातं बापाचं आणि हाक भावाची. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं फिलेमोनाच्या पत्रात. पत्र एका अध्यायाचं, २५ वचनांचं. १०व्या वचनात पळून गेलेला दास अनेसिम हा पौलाचं ‘लेकरू’ आहे, बंधनात असताना जन्मलेलं. १६व्या वचनात तोच अनेसिम ‘प्रिय बंधू’ झालेला आहे. मध्ये फक्त पाच वचनं.

माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर या पाच वचनांत आहे. आध्यात्मिक बाप तोच, जो लेकराला भाऊ करून सोडतो. तालमीच्या गावात हे समजायला जड नाही. गंगावेशीत किंवा मोतीबागेत वस्तादाला नावानं हाक मारणारा पैलवान सापडणार नाही, आणि कोणी त्याला दोषही देणार नाही. वस्ताद पोराला तयार करतो ते बरोबरीनं लढण्यासाठीच. फक्त वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. मंडळीत तो डाव राखून ठेवायला परवानगी नाही.

उलटं उदाहरणही पवित्र शास्त्रात आहे आणि ते क्वचितच वाचलं जातं. शास्ते, अध्याय १७. एफ्राइमच्या डोंगराळ भागात मीखा नावाच्या माणसानं घरात देवघर केलं, आणि रोजगार शोधत आलेल्या एका तरुण लेव्याला (लेवी या देवसेवेच्या वंशातल्या माणसाला) सांगितलं, माझ्याजवळ राहा, ‘माझा बाप आणि याजक हो’. पगारही ठरला: वर्षाला दहा रुपे, एक पोशाख आणि जेवण. पुढच्याच वचनात लिहिलंय की तो तरुण त्याला मुलासारखा झाला. म्हणजे बिरुद बापाचं, वागणूक मुलाची आणि व्यवहार चाकराचा. १८व्या अध्यायात दान वंशाची सहाशे हत्यारबंद माणसं येतात आणि त्याला तेच शब्द ऐकवतात, आमचा बाप आणि याजक हो, एका घराचा याजक असण्यापेक्षा एका वंशाचा असणं बरं नाही का? लेव्याला आनंद होतो आणि तो देवघरातल्या मूर्ती उचलून त्यांच्याबरोबर चालायला लागतो. ‘बाप’ हे पद पगारावर मिळालं की ते मोठ्या पगाराकडे जातं. धर्मगुरूंना हाक मारण्याच्या चर्चेत मत्तय २३ इतकाच हा उतारा वाचला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांना ‘अब्बा’ म्हणत, ते अनुभवासाठी. त्यातल्या अनेकांना दीक्षा नव्हती, ते याजक नव्हतेच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमावलीत, ६३व्या प्रकरणात, मठात कोणी कोणाला नुसत्या नावानं हाक मारू नये असं सांगितलं आहे. धाकट्यांनी थोरांना ‘नोन्नुस’ म्हणावं, त्यात पित्याबद्दलचा आदर आहे, आणि थोरांनी धाकट्यांना ‘भाऊ’ म्हणावं. मठाधिपतीला जे मानाचे शब्द मिळतात ते त्यानं स्वतःहून घेतलेले नसून ख्रिस्ताच्या आदरापोटी दिलेले आहेत, हेही तिथंच स्पष्ट केलं आहे. थोरामोठ्यांना नुसत्या नावानं हाक न मारणाऱ्या आपल्या माणसांना हे वाचून घरचंच वाटेल. सर्व कॅथलिक याजकांना सरसकट ‘फादर’ म्हणणं ही मात्र बरीच अलीकडची रीत आहे. इंग्लंडमध्ये धर्मप्रांतीय याजकाला (बिशपच्या हाताखाली त्याच्या प्रांतात काम करणाऱ्याला) १९व्या शतकापर्यंत ‘मिस्टर’ म्हणत, ‘फादर’ हा शब्द संन्यस्त संघातल्या याजकांसाठी होता. इटलीत अशा याजकाला आजही ‘डॉन’ म्हणतात, जर्मनीत ‘हेर प्फारर’. म्हणजे ही हाक श्रद्धेचा सिद्धांत नाही, रूढी आहे. रूढी म्हणूनच ती तपासता येते.

आता आपल्या भाषेकडे. मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि इथल्या अमेरिकन मिशनचं काम सुरू झालं. त्या परंपरेत ‘फादर’ वर्ज्य. पण लोक मिशनऱ्याला काय म्हणत? पाद्री. हा पोर्तुगीज ‘पाद्रे’ आहे, तिथं त्याचा अर्थ धर्मगुरू, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बाप’च. त्या परंपरेतली मंडळी कोण चालवतं? वडील. ग्रीक ‘प्रेस्बितेरोस’चं हे भाषांतर आपल्या शास्त्रात सगळीकडे आहे. पौल इफिसहून ‘मंडळीच्या वडिलांना’ बोलावून घेतो (प्रेषितांची कृत्ये २०ः१७). मूळ अर्थ वयानं मोठा, हे खरं. पण ‘माझे वडील’ म्हटल्यावर मराठी माणसाला कोण आठवतं? ‘फादर’ला नकार देणाऱ्या मंडळीनं नकळत दोन बाप घरात घेतले आहेत. त्यात गैर काही नाही. फक्त दुसऱ्याच्या एका शब्दावर बोट ठेवण्याआधी आपले शब्द मोजावेत. कॅथलिक बाजूला ‘धर्मगुरू’ आणि बिशपसाठी ‘महागुरुस्वामी’ आहे, म्हणजे ८वं आणि १०वं वचन एकाच शब्दात.

आणि ‘पाळकसाहेब’? या सगळ्या हाकांत मला सगळ्यात जास्त काळजी या ‘साहेबा’ची वाटते. ‘बाप’ शब्दात निदान लेकराचा हक्क असतो, बापाकडे हट्ट धरता येतो. साहेबासमोर फक्त अर्ज करता येतो. मंडळीचा खजिनदार पाळकसाहेबांकडे प्रवासखर्चाची पावती मागायला कचरतो, तेव्हा मत्तय २३ मोडलं जातं, मग मंडळी कोणतीही असो. लेकरांच्या बाबतीत ही कचर आणखी घातक ठरते. ‘फादर सांगतात ते ऐकायचं’ एवढंच शिकवलेलं मूल चुकीच्या वागण्याला नाही म्हणू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २० ऑगस्ट २०१८ च्या पत्रात अत्याचाराचा संबंध थेट याजकशाहीशी जोडला, तो याच कारणानं.

कॅथलिक मित्रांच्या बाजूनं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती बाहेरून दिसत नाही. पापनिवेदनाला आलेला माणूस ‘फादर, आशीर्वाद द्या’ असं म्हणून सुरुवात करतो. शेवटी याजक जी क्षमेची प्रार्थना म्हणतो, तिची सुरुवात दयेचा पिता असलेल्या देवाच्या नावानं होते. काही मिनिटांच्या अंतरानं एकच शब्द दोन जागी येतो, आधी माणसासाठी आणि मग देवासाठी, आणि क्षमा दुसऱ्याकडून येते. विधी नीट समजून करणाऱ्याचा इथं गोंधळ होत नाही. घाईघाईनं उरकणाऱ्याचा होऊ शकतो.

आता व्यवहार. कॅथलिक याजकाला बोलताना ‘फादर’ आणि पुढे पहिलं नाव, पत्रिकेवर ‘रेव्ह. फादर’ आणि पूर्ण नाव. सेमिनरीत, म्हणजे याजकपदाच्या शिक्षणसंस्थेत, शिकणारा ‘ब्रदर’ असतो. डीकन (याजकपदाच्या खालची दीक्षा मिळालेला) झाला तरी तो ‘फादर’ नसतो. बिशपनं मस्तकावर हात ठेवून याजकपदाची दीक्षा दिल्यावरच ही हाक लागू होते. स्वागताच्या फलकावर डीकनला ‘फादर’ छापण्याची चूक वारंवार होते. ‘रेव्हरंड’ हे विशेषण आहे, अर्थ ‘आदरणीय’. ते लिहायचं असतं, हाक मारायला ते अवघडच पडतं. प्रोटेस्टंट पाळकाला ‘पाळक’ किंवा ‘पास्टर’ पुरे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून झाली. त्यात अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) लोकही आले आणि प्रेस्बिटेरियन परंपराही, त्यामुळे तिथं एकाच मंडळीत दोन्ही हाका ऐकू येतात. कोणती चालते हे आदल्या दिवशी फोन करून विचारावं. तिथं स्त्रियांनाही दीक्षा मिळते, आणि दीक्षित बाईंसमोर ‘फादर’ हा शब्द कामाचा राहत नाही. ‘पाळक’ मात्र दोघांना चालतो. केरळहून आलेल्या सिरियन परंपरेतल्या कुटुंबांत ‘अच्चन’ म्हणतात, त्याचाही अर्थ बापच. मार थोमा मंडळी सुधारणावादी असूनही तो शब्द ठेवून आहे.

संयुक्त प्रार्थनेत किंवा दफनविधीत सूत्रसंचालकानं प्रत्येकाला त्याच्या मंडळीतल्या हाकेनं बोलवावं. सगळ्यांना एकच बिरुद लावून समानता साधत नाही, निम्म्यांचा संकोच तेवढा होतो. ज्याचं मन ‘फादर’ म्हणायला धजत नाही त्यानं नाव आणि ‘जी’ लावावं. याजकानं ते मनाला लावून घेऊ नये, कारण ‘म्हणवून घेऊ नका’ ही आज्ञा त्याला आहे. बिगरख्रिस्ती पालक शाळेच्या याजक मुख्याध्यापकांना ‘फादर’ म्हणतात ते पदाचं नाव म्हणून, त्यात धर्मशास्त्र शोधू नये.

रविवारच्या शाळेत हा विषय वीस मिनिटांत घेता येतो. मत्तय २३ः१ ते १२ मोठ्यानं वाचायला लावा, ‘म्हणवून घेऊ नका’ आणि ‘म्हणू नका’ यांच्याखाली मुलांना पेन्सिलनं वेगवेगळ्या रेघा मारू द्या. मग फिलेमोन उघडा, १०व्या वचनातला ‘लेकरू’ आणि १६व्यातला ‘बंधू’ यांना गोल करा. दहाएक वर्षांचं मूल विचारतंच, मग आपल्या पाळकांना काय म्हणायचं? आपल्या मंडळीत काय म्हणतात ते सांगा, पलीकडच्या चर्चमध्ये काय म्हणतात आणि का तेही सांगा. आणि शक्य असेल तर त्या रविवारी पाळकांना स्वतःला वर्गात बसवा, मुलांच्या बाकावर.