हात पोचेल तिथवर

(शेड. रात्र. एकच बल्ब.)

हिंगणघाट तालुक्यातलं शेत. या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची, म्हणून हवेचा कॉम्प्रेसरही रात्रीच भरायचा. कापूस साठवायच्या शेडमध्ये आता विमानाची शेपटी आडवी ठेवली आहे. दोन माणसं बसतील असं, घरीच बांधायला घेतलेलं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान.

पत्र्यावरच्या या टिकल्या पाहा. एकेक टिकली म्हणजे एकेक रिव्हेट. अशा विमानात त्या दहा हजारांच्या वर भरतात. आपल्या घरच्या कढईचा कान ज्या युक्तीने पक्का बसतो, तीच युक्ती इथे. बाहेरून हवेच्या गनचे ठोके, आतून पोलादी ठोकळ्याचा आधार. या ठोकळ्याला बकिंग बार म्हणतात. आतलं टोक चेपून पसरतं आणि दोन्ही पत्रे धरून ठेवतं.

उघड्यावर हे काम दोन दिवसांत हाताला बसतं. शेपटीकडे मात्र विमान निमुळतं होत जातं, फासळ्या जवळ येतात. विमान बांधणाऱ्या काकाजींचा हात कोपरापाशी अडतो. त्यांच्या पुतणीचा जातो. म्हणून गन काकाजींकडे, बार तिच्याकडे. ती आयटीआयला फिटर ट्रेडला आहे.

(जवळून: आत गेलेला हात, आरशात दिसणारं रिव्हेटचं टोक.)

आधी बॅटरी आणि छोटा आरसा. जागा एकदा डोळ्यांत भरली की आरसा बाहेर, बार आत. आता सगळं बोटांवर.

"लागला, काकाजी."

ती असं म्हणेपर्यंत गन सुरू होत नाही. आणि गन थांबल्याशिवाय बार हलत नाही. मधे बार निसटला तर फासळीला पोचा पडतो.

"थांबा न जी, तिरपा होऊन राह्यला."

गन थांबते. ती मनगट वळवते. पुन्हा ठोके.

रिव्हेट 3.2 मिलिमीटर जाडीची. चेपलेलं डोकं जाडीच्या दीडपट रुंद, निम्मं उंच. म्हणजे सुमारे 4.8 आणि 1.6 मिलिमीटर. हे मोजायला पत्र्याचा एक छोटा गेज असतो. तो आत घालून, आरशात बघून, ती प्रत्येक डोकं तपासते. हे कुणाला कधीच दिसणार नाही, तरी तपासते. आम्ही कॅमेरा लावला तो याच्यासाठी.

एक डोकं वाकडं बसलं. ते काढायचं तर बरोबर मधोमध ड्रिल लागतं. हात चुकला की भोक मोठं होतं आणि जोड आणखी कच्चा. काकाजी बराच वेळ नुसते बघत राहिले, मग ड्रिल घेतलं.

एका बाजूने ओढून बसवायच्या पोकळ रिव्हेटही मिळतात. बार पोचतच नाही तिथे त्या लागतात, पण नकाशात दिल्या असतील तरच.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, 2017 साली त्याची नोंदणी झाली. तेव्हापासून हे काकाजींच्या डोक्यात बसलं. त्याआधी तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टरचे पत्रे ठोकले, धान्याच्या कोठ्या केल्या. तो हात इथे कामी आला.

2021 साली यवतमाळ जिल्ह्यात स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत एक तरुण गेला. या विमानाची नोंदणी, तपासणी, उड्डाणाची परवानगी पुढेच आहे.

(हात बाहेर येतो. दंडावर फासळीच्या कडेचा लाल वळ.)

"किती राह्यले?"

"अकरा."

ती दुसऱ्या बाजूने हात घालते.