पाऊस पडेल नाहीतर नाही पडणार, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी?

(गोव्यातल्या डिचोलीत जुलै महिन्यात आठवी ते दहावीच्या मुलांसमोर संभाव्यतेवर बोललो होतो. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप केलंय, माझे 'काय' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास तसंच.)

बसा बसा. छत्र्या बाहेरच ठेवल्यात ना सगळ्यांनी? बरं. आधी मला सांगा, इथून घरी जाताना पाऊस लागणार काय? लागणार म्हणणाऱ्यांनी हात वर करा... बरेच आहेत. आणि तिसऱ्या रांगेतली ती बाय काय म्हणते, फिफ्टी-फिफ्टी. का गो? "सर, पडेल नाहीतर नाही पडणार, दोनच तर गोष्टी." हसू नका रे तिला, ती अर्धी बरोबर आहे. दोन गोष्टी आहेत हे खरं, पण दोन आहेत म्हणून दोघींचं वजन सारखं, हे कुठून आलं? असं म्हटलं तर उद्या सकाळी पोदेर, आपला पाववाला, येईल नाहीतर नाही येणार, तेही फिफ्टी-फिफ्टी, आणि मग तुमच्या घरी आठवड्यातून तीन-चार दिवस पावाशिवाय चहा व्हायला हवा. तसं होतं काय? नाही ना. आणि जुलैत धो धो पावसाच्या वाळपईला जाऊन कोणाला सांगून बघा की आज पावसाचं फिफ्टी-फिफ्टी आहे, तुम्हाला चहा पाजून घरी पाठवतील.

आज आपण एवढंच करणार आहोत, काय काय होऊ शकतं त्याची यादी लिहायची. पुस्तकात त्या यादीला 'नमुना अवकाश' म्हणतात, इंग्रजीवाले सॅम्पल स्पेस म्हणतात, मला तर दोन्ही नावं जरा भारीच वाटतात, अवकाश म्हटलं की रॉकेट डोळ्यासमोर येतं. यादी म्हणा, चालेल, फक्त पेपरात नमुना अवकाश लिहा. त्या यादीतला आपल्याला हवा असलेला भाग म्हणजे 'घटना', आणि संभाव्यता म्हणजे हवे ते किती भागिले एकूण किती. झालं, धडा संपला. भागाकार तुम्हाला चौथीपासून येतो, त्यात कोणी चुकत नाही, चुकतात ते यादी लिहिताना.

खिशातून दोन नाणी काढा. नसतील तर बाजूवाल्याकडून घ्या आणि परत द्या. दोन्ही एकदम उडवली तर काय काय पडेल? हां, दोन छापे, दोन काटे, नाहीतर एक छापा एक काटा. तीन गोष्टी, म्हणून प्रत्येकाचा चान्स तीनात एक. पटलं? सगळे माना हलवतायत. मग उडवा, प्रत्येकाने दहा वेळा, आणि इथे फळ्यावर तीन रकाने आहेत त्यात रेघा मारा.

(इथे दहा मिनिटं नुसती नाणी गडगडत होती, एक पंख्याखालच्या कपाटामागे गेलं ते अजून तिथेच आहे.)

बघा आता, मधला रकाना केवढा लांब झाला, बाकी दोघांच्या दुपटीच्या आसपास. असं का? एक नाणं रुपयाचं घ्या आणि एक पाचाचं, म्हणजे वेगळी ओळखता येतील. रुपया छापा पाच छापा, रुपया छापा पाच काटा, रुपया काटा पाच छापा, रुपया काटा पाच काटा. चार! 'एक छापा एक काटा' हे दोन वाटांनी होतं आणि आपण त्या दोन वाटा एकाच ओळीत कोंबल्या होत्या. म्हणून तो चारात दोन, बाकीचे चारात एक. नाणी दिसायला सारखी असली तरी ती दोन वेगळी नाणी आहेत, हे नाण्यांना माहीत असतं, आपण विसरतो.

आता अशीच चूक केलेला एक मोठा माणूस. दालांबेर, फ्रान्सचा, त्या काळातल्या नामांकित गणित्यांपैकी. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात त्याने लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३. त्याचं म्हणणं, पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच, छापा, काटा-छापा, काटा-काटा. खरं उत्तर ३/४ आहे, कारण त्या तीन ओळींतली पहिली ओळ बाकीच्यांच्या दुप्पट वजनाची आहे. म्हणजे आमची तिसऱ्या रांगेतली बाय चांगल्या संगतीत आहे.

नाण्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्या गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी, गणिती, त्यांनी हजारो जुनी नाणी तोलली. उडवली नाहीत हां, तोलली. हातोहात फिरून नाणं झिजतं आणि हलकं होतं, तेव्हा कुठलं नाणं किती काळ चलनात होतं ते वजनावरून आणि संख्याशास्त्रावरून काढता येतं, असा त्यांचा हिशोब. असो, गाडी भलतीकडे गेली.

फासे. लुडोचे दोन फासे, एक लाल एक पांढरा. सहा गुणिले सहा, यादी ३६ ओळींची. बेरीज २ एकाच वाटेने येते, ७ येते सहा वाटांनी, एक-सहा, दोन-पाच असं करत मोजा. आता तीन फासे, यादी २१६ ओळींची, ती मी लिहिणार नाही, पण याची एक गोष्ट आहे. इटलीतल्या जुगाऱ्यांना एक कोडं पडलं होतं. तीन फाशांची बेरीज ९ सहा प्रकारे होते आणि १० पण सहाच प्रकारे, मग १० जास्त वेळा का पडतो? हे विचारलं गॅलिलिओला, तोच दुर्बिणीवाला, १६२० च्या आसपास. त्याने यादी नीट लिहिली. ३-३-३ एकाच वाटेने येतो, पण १-२-६ सहा वाटांनी येतो, आणि ३-३-४ तीन वाटांनी. सगळं मोजलं तर ९ साठी २५ वाटा, १० साठी २७. २१६ मधे फक्त दोनाचा फरक! मला गॅलिलिओपेक्षा त्या जुगाऱ्यांचंच जास्त कौतुक वाटतं, एवढासा फरक नुसतं खेळून कळायचा म्हणजे किती रात्री घालवल्या असतील, आणि किती पैसे, ते विचारू नका.

कवड्या कोणी खेळलंय? आजीबरोबर, बरं. कवडी उताणी नाहीतर पालथी, दोनच गोष्टी, परत आपलं फिफ्टी-फिफ्टी? नाही, कारण कवडीची एक बाजू फुगीर आणि एक चपटी, ती काही नाणं नव्हे. इथे यादी बरोबर आहे पण ओळी 'समसंभाव्य' नाहीत, म्हणजे सारख्या वजनाच्या नाहीत, आणि तेव्हा भागाकार चालत नाही, बसून शंभर-दोनशे वेळा टाकायची आणि मोजायचं, दुसरा उपाय नाही. पाव न येणं आणि पाऊस हे सगळं कवडीच्या जातीचं.

आता मला आवडणारा भाग. लुडो खेळताना म्हणता ना, "एवढा वेळ सहा पडला नाही, आता पडणारच"? आणि लग्नात नाहीतर फेस्ताला हाउझी खेळताना काकी म्हणते, "माझा ३७ अजून आला नाही, आता येईलच." वाक्य एकच, पण लुडोवाला चुकतो आणि काकी बऱ्यापैकी बरोबर आहे. का? फाशाला आठवण नाही, दहा वेळा सहा पडला नाही तरी अकराव्या वेळी यादी तीच, सहा ओळी, चान्स १/६. हाउझीत पिशवीतून निघालेला नंबर परत आत जात नाही. सुरुवातीला ९० नंबर, पुढचा ३७ असण्याचा चान्स १/९०. पन्नास नंबर निघाले आणि त्यात ३७ नाही, तर उरले ४०, चान्स १/४०. यादीच लहान होत गेली. फक्त काकी फुल हाउस जिंकेल काय ते वेगळं, कारण बाकीच्यांचे नंबरही त्याच पिशवीत आहेत.

गणेश चवथीला सोडतीची कुपनं विकतात, ती पण यादीचीच गोष्ट. समजा दहा हजार कुपनं खपली आणि पहिलं बक्षीस एक, तुमच्याकडे दोन कुपनं, तर ते मिळण्याचा चान्स पाच हजारात एक. देवाला वर्गणी म्हणून घ्या, गाडी मिळेल म्हणून घेऊ नका.

कॅसिनोचं विचारणार होतात ना? मांडवी नदीवरून जाताना त्यांचे दिवे दिसतात म्हणून. युरोपियन रुलेटच्या चाकात ३७ घरं असतात, ० ते ३६. तुमचा आकडा आला तर एका रुपयाला ३५ मिळतात आणि तुमचा रुपया परत, म्हणजे ३६. प्रत्येक घरावर एकेक रुपया ठेवा, गेले ३७, आले ३६. त्या एका शून्यावर ते दिवे पेटतात.

"सर, मग पावसाचं किती?" आली बाय परत मुद्द्यावर. मी सांगू शकत नाही, वेधशाळा सांगते, आणि ते ७० टक्के म्हणतात तेव्हा अर्थ असा, की त्यांनी असं म्हटलेले शंभर दिवस घेतले तर साधारण सत्तर दिवस पाऊस झालेला असायला हवा. कवडीसारखंच, मोजून मोजून.

चला, साडेपाच झाले, शेवटची बस चुकेल कोणाची. आणि जाताना एक काम करा. बाहेर सगळ्यांच्या छत्र्या काळ्याच आहेत. समजा तिघंच असाल आणि अंधारात कोणीही कुठलीही उचलली, तर एकालाही स्वतःची छत्री मिळाली नाही, याचा चान्स किती? यादी सहाच ओळींची आहे, बसमधे होईल. चौघं असाल तर चोवीस ओळी लागतील, त्या घरी लिहा, वहीचं एक पान पुरेल.