गाडी रिच चालते, पण नक्की कुठे?

(दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलामुलींपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ॲव्हरेज पडलंय, प्लग सारखा काळा होतोय." वाक्य पुरं व्हायच्या आत आपला हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, रेस जरा वाढवली की गाडी दिली. आठवड्याभरात ती परत दारात. रिच चालणारी, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोल घेणारी, गाडी दोष कुठे आहे ते स्वतःच सांगत असते. थ्रॉटल (एक्सलरेटरने उघडणारी हवेची वाट) किती उघडा असताना ती बिघडते, हे आपण तिला विचारत नाही, एवढीच अडचण आहे.

आधी मापं किती बारीक आहेत ते बघा. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलला जवळपास 9,000 लिटर हवा. स्प्लेंडरचं इंजिन 97.2 सीसीचं. सिलिंडर पूर्ण भरला असं धरलं, तरी एका वेळेला आत जाणारं पेट्रोल एका थेंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच असतं. हे माप कार्बोरेटरमधल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोटीच्या, भोकावर ठरतं. त्या भोकात तुम्ही तार घालून साफ करता! 0.38 मिलिमीटरचं भोक तारेने घासून 0.42 झालं, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 22 टक्क्यांनी वाढतं. वरून जेट चकचकीत आणि गाडी कायमची रिच. जेटला कार्ब क्लीनर आणि हवेचा फवारा, बस्स.

गाडी खरंच रिच आहे का, हेही तपासावं लागतं. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी म्हणजे रिच. काळा पण ओला, तेलकट प्लग म्हणजे ऑइल वर येतंय, तिथे कार्बोरेटर बिचारा निर्दोष. सायलेन्सरमधून काळा धूर आणि निळा धूर यांतही हाच फरक. शिवाय ठिणगी अशक्त असेल, प्लग कॅप गेलेली असेल, तरी न जळलेलं पेट्रोल प्लग खराब करतं. म्हणून आधी नवा प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), ठिणगी. प्लग बघायचा तोही नीट. दहा मिनिटं आयडलिंगवर उभ्या असलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. ज्या थ्रॉटलवर शंका आहे, त्यावर गाडी थोडी पळवा, क्लच दाबून चावी बंद करा आणि मग प्लग काढा.

एक साधन आपण वापरतच नाही, ते म्हणजे पीयूसीचा कागद. 2000 सालानंतरच्या फोर-स्ट्रोक दुचाक्यांना, बीएस-6 (नवे प्रदूषण निकष) सोडून, कार्बन मोनॉक्साइडची (सीओ) मर्यादा 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बनची (न जळलेल्या पेट्रोलची) 4,500 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 4,500, आहे. सीओ चढलेला असेल तर मिश्रण रिच. सीओ ठीक आणि हायड्रोकार्बन भरपूर, तर गाडी मिसिंग करतेय, म्हणजे पेट्रोल मधूनमधून पेटतच नाही. गिऱ्हाईक तो कागद डिकीत घालून फिरतं आणि आपण अंदाजाने स्क्रू फिरवतो.

आता मुख्य गोष्ट. एक्सलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या कडेवर खडूने खुणा करा: बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. मग चालवून बघा. बंद ते आठवा हिस्सा एवढ्यात भकभक होत असेल तर स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल देणारा) आणि स्क्रू. त्याच्या पुढे पावपर्यंत स्लाइडच्या (थ्रॉटलच्या सरकत्या झडपेच्या) कापाचा प्रभाव असतो, पण तो काप सहसा झिजत नाही, तिथे वेळ घालवू नका. पाव ते पाऊण हा स्लाइडला लटकणाऱ्या सुईचा इलाका. शहरातली आणि गावातली गाडी बहुतेक वेळ इथेच चालते, म्हणून ॲव्हरेजची तक्रार बहुधा इथली असते आणि स्क्रू फिरवून ती जात नाही. जुन्या गाडीत सुई ज्या पितळी नळीत खालीवर होते, ती नळी घासून लांबट गोल होते. सुई दिसायला सरळ असते, पण बाजूने पेट्रोल जास्त येतं. सुईची क्लिप एक खाच वर लावली की सुई खाली बसते आणि मिश्रण जरा लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, पण नळी गेली असेल तर क्लिपने फक्त दिवस ढकलले जातात. सुई आणि नळी जोडीनेच बदलायची. पाऊणच्या पुढे मेन जेट.

आणि सगळीकडेच रिच असेल तर? तर शक्यता वेगळ्या. चोक (थंड गाडी सुरू करताना मिश्रण रिच करणारी सोय) पूर्ण बसत नाही, एअर फिल्टर कोंडलाय किंवा फ्लोट चेंबरमधली (कार्बच्या तळातल्या पेट्रोलच्या वाटीतली) पातळी वर गेलीय. फिल्टरची परीक्षा सोपी आहे. तो काढून गाडी जागेवरच सुरू करा. सुधारली, तर हवा कमी पडत होती किंवा पेट्रोल जास्त होतं. उलट, कार्बच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला आणि रेस वाढली, तर गाडी लीन आहे. चिकट तेलाचा कागदी फिल्टर धुवायचा नाही, त्यावर हवाही मारायची नाही, बदलायचा. पातळीसाठी फ्लोट चेंबरच्या खालच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावा, ती वर वळवून कार्बच्या अंगाला धरा आणि ड्रेन सैल करा. नळीत पेट्रोल जिथे थांबतं, ती खरी पातळी. ओव्हरफ्लोमधून गळत नाही म्हणून पातळी बरोबर, असं समजू नका.

कचऱ्याबद्दलही एक गैरसमज आहे. कचरा अडकला की गाडी लीनच होते, असं आपण धरून चालतो. पण कार्बोरेटरच्या तोंडाशी हवेची बारीक भोकं असतात, पेट्रोलमध्ये हवा मिसळण्यासाठी. ती बुजली की मिश्रण रिच होतं. गॅसच्या शेगडीच्या हवेच्या भोकांत कचरा गेला की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं पडतं, तसंच.

स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी तो कुठे आहे ते बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा. आत फिरवला की लीन. हे न बघता "आत म्हणजे लीन" असं पाठ केलेले मेस्त्री भरपूर आहेत.

आजकाल सगळं इथेनॉलच्या नावावर खपतं. E20 ला (20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला) वजनाने सुमारे 13.5 भाग हवाच पुरते, म्हणजे त्याच जेटवर गाडी लीन होते, रिच नाही. मात्र जुन्या गाडीच्या फ्लोट निडलचं (वाटीत येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या सुईचं) रबर इथेनॉलने फुगून नीट बसेनासं होऊ शकतं, किंवा आधीच्या मेस्त्रीने लीनपणा घालवायला स्क्रू रिचच्या दिशेला फिरवलेला असतो. लडाखला जाणाऱ्यांचं वेगळं. 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के, पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. तिथे कार्बची गाडी रिच होणारच. सेटिंग बदललंत तर परतल्यावर पूर्ववत करा, नाहीतर खाली लीन चालून इंजिन तापेल.

एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या. तिथे फिरवायला स्क्रूच नाही. ऑक्सिजन सेन्सर आणि इंजिनच्या तापमानाचा सेन्सर तपासावा लागतो. तो विषय आज घेत नाही.

दुरुस्ती झाली की डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची काडी) काढून वास घ्या. बरेच दिवस रिच चाललेल्या गाडीत, किंवा पेट्रोलचा कॉक उघडा राहून निडल गळलेल्या गाडीत, पेट्रोल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढलेली दिसते आणि गिऱ्हाईक खूश होतं की आपली गाडी ऑइल खात नाही. ते पातळ झालेलं ऑइल बदलल्याशिवाय गाडी हातात देऊ नका.