दुरोसिमी म्हणजे धोंडू

माझ्या आजीची तीन मुलं वर्षाच्या आत गेली. चौथा मुलगा झाला, त्याचं नाव तिनं धोंडू ठेवलं. धोंड्यासारखा टिकावा, म्हणून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घराण्यात असा एखादा धोंडू, दगडू किंवा केरबा निघेल. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांतही ही रीत आहे. तिथे अशा मुलाला दुरोसिमी म्हणतात. अर्थ असा, की बाबा रे, थांब, मला मूठमाती द्यायला तरी थांब. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेल्या प्राध्यापकांचं मधलं नाव तेच: एल्ड्रेड दुरोसिमी जोन्स. जन्म 1925, सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन. आणि गृहस्थ थांबले चांगले 95 वर्षं.

योरुबा नावाला जोन्स आडनाव कसं चिकटलं? फ्रीटाउन हे गुलामगिरीतून सुटलेल्यांनी वसवलेलं गाव. 1792मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून काही लोक आले. पुढे ब्रिटिश आरमारानं गुलामांची जहाजं पकडून त्यांतली माणसं इथेच उतरवली, त्यांत योरुबा पुष्कळ होते. मिशनऱ्यांकडून आडनावं मिळाली, घरातली नावं घरात राहिली. या सगळ्यांची मिळून जी भाषा झाली ती क्रिओ.

जोन्स फूरा बे कॉलेजात शिकले. हे कॉलेज 1827चं, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाहून 30 वर्षांनी जुनं. मग ऑक्सफर्ड. तिथून ते परत आले आणि आपल्याच कॉलेजात शिकवायला लागले.

आता माझी कबुली. मी 31 वर्षं शेक्सपिअरचा ऑथेल्लो शिकवला, आफ्रिकेतून आलेल्या काळ्या सेनापतीचं नाटक. मराठीला तो नवा नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867मध्ये त्याचं भाषांतर केलं, पुढे देवलांनी त्याचा झुंझारराव केला. पण एखाद्या पोरानं उठून विचारलं असतं, ‘सर, त्या काळच्या लंडनवाल्यांनी आफ्रिकेतला माणूस पाहिला तरी होता का?’ तर मी पिवळ्या पडलेल्या नोट्स चाळल्या असत्या. नोट्स सांगायच्या, की तेव्हा इंग्रजांना आफ्रिका फक्त ऐकून माहीत होती.

जोन्स हे मानायला तयार नव्हते. ते जुने कागद उपसत बसले. 1555मध्ये जॉन लॉक या दर्यावर्दीच्या सफरीतून गिनीच्या किनाऱ्यावरचे पाच जण लंडनला आणले गेले. त्या सफरीचा वृत्तांत सांगतो, की त्यांतले काही उंच आणि धट्टेकट्टे होते, आमचं खाणंपिणं त्यांना मानवलं, थंड दमट हवेचा मात्र त्रास झाला. 1600मध्ये लिओ आफ्रिकानसचं आफ्रिकेचं वर्णन इंग्रजीत आलं. त्याच वर्षी मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील एलिझाबेथ राणीच्या दरबारात दाखल झाला आणि काही महिने लंडनात राहिला. 1601मध्ये काळ्या लोकांना देशाबाहेर काढण्याच्या हुकमाचा मसुदा तयार झाला. बाहेर काढायचे, म्हणजे ते आत होते! नाटकमंडळी काय करायची, हेही जोन्सनी शोधलं: तोंडावर काळं तलम कापड किंवा मखमली मुखवटा, हातांत काळे मोजे, मग पुढे सरळ रंग फासणं.

या खटाटोपातून हाती काय लागलं? प्रेक्षकाच्या डोक्यात काळा माणूस म्हणजे खलनायक, हा साचा तयार होता. शेक्सपिअरनं तो साचा नाटकातल्या कपटी इयागोच्या तोंडी घातला आणि ऑथेल्लोला रंगमंचावर आणला तो साच्याबाहेरचा. जोन्स यांचं ‘ऑथेल्लोज कंट्रीमेन’ 1965मध्ये आलं. ज्यांच्यावर नाटक लिहिलं गेलं, त्यांच्यातला एक जण नाटककाराचा हिशेब तपासत होता. माझ्या नोट्स त्यानंतरही तशाच राहिल्या, हा दोष माझा.

1968मध्ये जोन्सनी ‘आफ्रिकन लिटरेचर टुडे’ हे समीक्षेचं नियतकालिक सुरू केलं. तोवर कादंबऱ्या लागोस-नैरोबीकडून यायच्या आणि बरं-वाईट बहुतेक लंडनमध्ये ठरायचं. आता ते फ्रीटाउनच्या टेकडीवर, त्यांच्या कॉलेजात, ठरायला लागलं. छपाई लंडनलाच व्हायची, ही गंमत आहेच. पण लेख घ्यायचा की नाही, हे टेकडीवरून ठरायचं. आपल्याकडे नियतकालिकं चालवणाऱ्यांना या फरकाचं मोल सांगायला नको.

फूरा बे कॉलेजच्या प्राचार्यपदाची त्यांची 11 वर्षं मी पटकन ओलांडतो. एवढंच सांगतो, की 1977च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांनी राष्ट्राध्यक्ष सियाका स्टीव्हन्स यांच्यासमोर घोषणा दिल्या आणि नंतर कॉलेजात गुंड घुसले. ती खुर्ची मऊ नव्हती.

मला जास्त जवळचं वाटतं ते 1980चं काम. क्लिफर्ड फाइल यांच्यासोबत त्यांनी क्रिओ-इंग्रजी शब्दकोश केला. हे फाइल म्हणजे सिएरा लिओनचं राष्ट्रगीत लिहिणारे. क्रिओला शिकलेली माणसं मोडकंतोडकं इंग्रजी म्हणायची. पण ‘ज्युलियस सीझर’ या भाषेत उतरलंय, थॉमस डेकर यांनी उतरवलंय. तिथला अँटनी ‘मला तुमचे कान द्या’ असं म्हणत नाही, सरळ ‘कान टवकारा’ म्हणतो. शेक्सपिअरचे पंडित असलेल्या जोन्सना या भाषेचा कोश करावासा वाटला, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे ऐकायचंच काम होतं.

आणि पुढे तर त्यांना ऐकण्यावरच भागवावं लागलं. त्यांची दृष्टी गेली. नियतकालिक मात्र बंद पडलं नाही. पत्नी मार्जोरी आलेले लेख वाचून दाखवायच्या, ते ऐकायचे, मग निर्णय व्हायचा. कुणी तुमचा लेख तुमच्यादेखत मोठ्यानं वाचला तर काय होईल, कल्पना करा. डोळा पुढे सरकतो, कान अडतो. अशा कानापुढून जाऊन ते अंक निघत राहिले. 2012मध्ये ‘द फ्रीटाउन बाँड’ हे आत्मचरित्र आलं, तेव्हा मुखपृष्ठावर एल्ड्रेड यांच्या नावासोबत मार्जोरी यांचंही नाव होतं.