दर्शन ठीक आहे, पण मंगळवारी कोण येणार?

नमस्कार मंडळी, प्रभूमध्ये सगळ्यांना सलाम. एक गोष्ट आपण सगळेच पाहून राहिलो. एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासनेत पाळकसाहेब (पास्टर) वर्षाचं दर्शन सांगतात, म्हणजे यंदा मंडळीनं, आपल्या चर्चनं, काय करायचं ते, टाळ्या होतात, आमेन होते, फ्लेक्स लागतो. आणि एप्रिलमध्ये ऊन तापल्यावर कोणाला विचारलं की काहो, त्या दर्शनाचं काय झालं, तर उत्तर येते, "प्रार्थना सुरू आहे." प्रार्थना पाहिजेच, त्याबद्दल वादच नाही, पण किती दिवस नुसती प्रार्थनाच सुरू राहणार बाप्पा?

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक काढा. यरुशलेमचा तट पडलेला आहे हे ऐकून तो रडला, उपास केला, ते आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. पण यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात बातमी आली आणि पारसच्या राजासमोर, ज्याच्याकडे तो चाकरीला होता, तोंड उघडलं ते निसान महिन्यात, म्हणजे मधे चारेक महिने गेले, आणि राजानं विचारलं की किती दिवस लागतील, परत कधी येशील, तर त्यानं मुदत सांगून टाकली. वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रं मागितली, सरकारी जंगलाचा अधिकारी आसाफ, त्याच्या नावानं लाकडाची चिठ्ठी मागितली. मले तर वाटते त्या चार महिन्यांत गुडघ्यावर बसल्या-बसल्याच त्याचा सगळा हिशोब चालू होता. यरुशलेमला पोचल्यावरही लगेच भाषण नाही केलं, रात्री मोजकी माणसं घेऊन गुपचूप तट पाहून आला, मग बोलला.

तिसरा अध्याय आपण वाचताना सोडून देतो, नुसती नावंच नावं म्हणून. अहो, ती ड्यूटीची यादी आहे! सोनार आहे, अत्तरवाला आहे, एक जण तर आपल्या पोरींना घेऊन कामाला लागला, कितीक जणांना आपापल्या घरासमोरचाच तुकडा दिला. तकोव गावच्या बड्या लोकांनी खांदा लावला नाही तेही लिहून ठेवलंय (प्रत्येक कमिटीत असतातच दोन-चार). बावन्न दिवसांत तट उभा झाला.

आता आपल्याकडे या. समजा तुमच्या मंडळीचं दर्शन आहे, "आजाऱ्यांची सेवा". छान. पण नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, तिकडे छिंदवाडा, बालाघाटपासून पेशंट येतात, पेशंटला बेड भेटते पण सोबतचा माणूस वऱ्हांड्यात चादर टाकून झोपते, त्याच्या जेवणाचं कोण पाहते? म्हणून दर्शनाच्या खाली लिहा, दर मंगळवारी संध्याकाळी चाळीस लोकांना खिचडी. एका ताटाला तीस रुपये धरले तर बाराशे रुपये, महिन्यात चार मंगळवार, अठ्ठेचाळीसशे, ऑटोचं भाडं वेगळं, पाचवा मंगळवार आला तर तोही धरा. कोण रांधणार, कोण वाटणार, परीक्षेच्या दिवसात युवक संघाची पोरं गायब होतात तेव्हा कोण येणार? आणि आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, परवानगी घ्या, जागा आणि वेळ त्यांनाच विचारा, आपल्या मनानं गेटवर पातेलं नेऊन ठेवू नका. अजून एक, माझं स्पष्ट मत आहे, खिचडीसोबत धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नका. भुकेल्या माणसाच्या हातात ताट द्यायचं तर नुसतं ताट द्या, कोणी आपणहून विचारलं तर सांगा की आम्ही कोण.

पैशाचं विचाराल तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. अमेरिकेतल्या मित्रांनी त्यांच्या कामाला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन १८८९ ला सुरू झालं, आणि बाईंनी ती मुदत संपायच्या आतच केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली, म्हणजे पुढं उत्पन्न यावं. आपल्याकडे उलटं असते, बाहेरून फंड येईल या भरवशावर बोर्ड आधी रंगवतात. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठराविक शाखेत खातं लागते, ते काही एका महिन्याचं काम नाही. खिचडीला तर दानपेटीच पुरते, फक्त वही वेगळी ठेवा आणि महिन्याच्या शेवटी मंडळीसमोर वाचून दाखवा.

माणूस गेला तरी काम चालावं हेही पाहा. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ ला नागपुरात आले, शाळा काढली, १८६३ ला नाल्याच्या पाण्यात बुडून गेले, पण शाळा बंद नाही पडली, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ ला निघालं. तुमच्या मंगळवारची सगळी माहिती एकाच काकूंच्या डोक्यात असेल तर काकू मुलीच्या बाळंतपणाला रायपूरला गेल्या की खिचडी बंद. म्हणून दोघींना शिकवा.

तर येत्या रविवारी उपासनेनंतर चहा घेता-घेता कागद फिरवा, मंगळवारी कोण येणार म्हणून. सहा नावं आली तर सुरू करा. दोनच आली तर महिन्यातून एकदा करा, तेही जमत नसेल तर फ्लेक्स उतरवून ठेवा, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या आठवड्यात ट्रस्टच्या नोंदणीबद्दल बोलू, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात काय-काय कागद लागतात ते. जय ख्रिस्त.