घर हलते, शेत हलत नाही

सातपुड्यात उगम पावलेली वर्धा नदी नरखेड तालुक्यात नागपूर आणि अमरावती या जिल्ह्यांची हद्द आखत वाहते. तिच्या काठावर, संत्र्याच्या पट्ट्यात, मोवाड हे नगरपरिषदेचे जुने गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेचा पूर या गावात शिरला आणि २०४ माणसे दगावली. उरलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला.

पुनर्वसनाची पहिली पायरी म्हणजे पंचनामा. भिंत मातीची होती की विटांची, पत्रे किती गेले, गुरे किती वाहिली, हे सारे त्यात येते. पण वाटण्या होऊन दोन भावांच्या चुली वेगळ्या झालेल्या असल्या आणि घरपट्टी अजून वडिलांच्याच नावे येत असली, तर कागदावर ते एकच कुटुंब ठरते आणि भूखंडही एकच मिळतो. भाडेकरू आणि दुसऱ्याच्या वाड्यात राहणारा मजूर यांची अवस्था त्याहून बिकट असते.

घर मिळाले तरी शेत नदीकाठीच राहते. विहीर उचलून नेता येत नाही आणि संत्र्याचे कलम फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात, त्यामुळे शेतकऱ्याची बंडी रोज त्याच काठाकडे वळते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, तेव्हा तिथेही लांबलेल्या अंतराची तक्रार ऐकू आलीच.

नागपूर शहराची गोष्ट निराळी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचे पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत घुसले. बाधित कुटुंबांना दहा हजार रुपयांची मदत जाहीर झाली. मदत आणि पुनर्वसन यांत मात्र फार अंतर आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नको, हे नियमाने ठरते, पण आधीपासून राहणाऱ्यांनी कुठे जावे, हे ती रेषा सांगत नाही. धरणग्रस्तांसाठी, उदाहरणार्थ गोसीखुर्दच्या विस्थापितांसाठी, राज्यात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा तरी आहे. नागनदीकाठच्या झोपडीत राहून शेजारच्या कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या बाईला शहराच्या टोकाला पक्के घर देऊ केले, तर ती आधी तिथून कामावर यायचे बसभाडे विचारते.